चाकू न लावता पाय वाचविणारा डॉक्टर

माहूरगडाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे एका दमात चढणारा माणूस एखाद्या वर्षी निम्म्या वाटेतच थांबतो. पोटरीत गोळा आल्यासारखे होते, पाय जड होतो. पाच मिनिटे टेकले की दुखणे आपोआप ओसरते आणि पुन्हा पंधरा-वीस पायऱ्या चढताच ते परत उभे राहते. घरची मंडळी तेल चोळतात, वाताचा विकार म्हणून काढा देतात, नाहीतर वय झाले असे समजून सोडून देतात. पुढे तळपाय गार पडतो, रात्री झोपेत अंगठा ठणकतो आणि पाय खाटेवरून खाली सोडला तरच जरा बरे वाटते. नखाजवळची साधी जखम महिनोन् महिने भरत नाही. मग एके दिवशी बोट काळे पडते. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात असा रुग्ण पोहोचतो, तेव्हा बिडी, तंबाखू आणि मधुमेह यांपैकी एखादा जुना सोबती बहुधा त्याच्याबरोबर असतोच.

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या आतील अस्तरात चरबीचे आणि चुन्याचे थर साचत जातात, वाट अरुंद होते आणि चालताना स्नायूला लागणारे वाढीव रक्त पोहोचत नाही. एवढेच या दुखण्याचे मूळ. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून दोहोंची तुलना केली तर ते काही मिनिटांत कळूही शकते. घोट्याचा दाब दंडाच्या नऊ-दशांशापेक्षा कमी भरला, तर पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे असे समजतात. उपाय मात्र दीर्घकाळ दोनच होते. मांडी उघडून धमनीला वळसा घालणारी दुसरी नळी शिवायची, म्हणजे बायपास करायचा. आणि रुग्णाची प्रकृती ते सोसण्यासारखी नसेल, तर पाय कापायचा. आज यात तिसरा उपाय आहे. जांघेत सुईएवढे छिद्र पाडून तार आणि नळी आत सरकवायची, अडथळा आतूनच मोकळा करायचा आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धमनी पुन्हा आक्रसली, तर त्याच वाटेने पुन्हा जायचे. ही वाट ज्याने प्रथम चालून दाखविली, तो शल्यचिकित्सक नव्हता. तो क्ष-किरण विभागात काम करणारा, गिर्यारोहणाचे वेड असलेला आणि स्वभावाने कमालीचा उतावळा असा एक अमेरिकन डॉक्टर होता. चार्ल्स थिओडोर डॉटर हे त्याचे नाव.

डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० रोजी बोस्टन शहरात झाला आणि बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेले. शाळेत एक इयत्ता ओलांडून पुढच्या वर्गात बसविल्यामुळे बरोबरीच्या मुलांत ते वयाने आणि अंगानेही लहान असत. सांघिक खेळांत त्यांचा निभाव लागत नसे. ज्यात आपली स्पर्धा आपल्याशीच असते, अशा डोंगर चढण्यासारख्या छंदांकडे ते त्यामुळे वळले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. यंत्रांचे वेड लहानपणापासूनचे होते. एखादी वस्तू कशी चालते हे ती उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ड्यूक विद्यापीठातून १९४१ मध्ये पदवी आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९४४ मध्ये डॉक्टरकी, असा त्यांचा शिक्षणक्रम. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात परिचारिका असलेल्या पामेला बीटी यांच्याशी त्यांनी त्याच वर्षी विवाह केला. या दांपत्याला पुढे तीन मुले झाली.

क्ष-किरण शास्त्राला त्या काळी वैद्यकात दुय्यम स्थान होते. तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत बसून इतरांनी पाठविलेल्या रुग्णांच्या सावल्या पाहायच्या, त्यांचा अर्थ लावून कागद वर पाठवायचा आणि पुढचा निर्णय शल्यचिकित्सकावर सोपवायचा, हे त्या तज्ज्ञाचे काम. डॉटर यांनी हीच शाखा निवडली. पण गप्प बसून सावल्या वाचणे त्यांच्या पिंडाला मानवणारे नव्हते. हृदयातून धावणारे रक्त चित्रात पकडायचे, तर एकामागून एक वेगाने चित्रे घेता आली पाहिजेत. त्यासाठी १९५० मध्ये त्यांनी सेकंदाला दोन क्ष-किरण चित्रे घेणारे, फिल्मच्या गुंडाळीवर चालणारे स्वयंचलित यंत्र तयार केले. इस्रायल स्टाइनबर्ग यांच्यासमवेत लिहिलेला हृदयाच्या क्ष-किरण चित्रणावरील त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पोर्टलंड येथील ओरेगॉन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३२ वर्षे. अमेरिकेतील मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत इतका तरुण विभागप्रमुख या शाखेत तोवर कुणी झाला नव्हता. ती खुर्ची त्यांनी पुढे ३३ वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत सांभाळली.

या सुमारास स्वीडनमध्ये एक साधी वाटणारी पण दूरगामी गोष्ट घडली होती. स्वेन-इव्हार सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने १९५३ मध्ये धमनीत नळी घालण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. पोकळ सुई धमनीत टोचायची, सुईतून लवचीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत ढकलायची. त्वचा कापावी लागत नाही, धमनी उघडी करावी लागत नाही. क्ष-किरणतज्ज्ञाच्या हाती प्रथमच शरीराच्या आत शिरण्याचा दरवाजा आला. त्या दरवाजातून डोकावून चित्र काढायचे आणि परत फिरायचे, एवढ्यावर जगभरचे तज्ज्ञ समाधानी होते. डॉटर नव्हते.

१९६३ मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण मूत्रपिंडाच्या धमनीची तपासणी करण्यासाठी आला. जांघेतून वर महाधमनीपर्यंत नळी नेताना कटिभागातील धमनी बंद असल्याचे आढळले; पण नळी त्या अडथळ्यातून आरपार गेली आणि वाट मोकळी झाली. घडले ते अनवधानाने. असा प्रकार त्यापूर्वी इतर कुणाच्या हातून घडलाच नसेल असे नाही. पण घडल्यावर तो टिपून ठेवणारा आणि त्यावरून पुढचा विचार करणारा माणूस डॉटर होता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी येथे क्ष-किरणतज्ज्ञांची परिषद भरली. नळी ही केवळ रोग शोधण्याचे साधन न राहता रोग दूर करण्याचेही साधन होऊ शकते, शस्त्रक्रियेच्या चाकूची जागा ती घेऊ शकते, असा विचार त्यांनी तेथे मांडला. बोलणे धाडसाचे होते, कारण हाताशी पुरावा म्हणून होता तो एक अपघात.

पुरावा सात महिन्यांनी मिळाला. पोर्टलंडच्या रुग्णालयात एक ८२ वर्षांची वृद्धा दाखल होती. डाव्या पायाची बोटे काळी पडली होती, जखम चिघळली होती आणि वेदना असह्य होत्या. शल्यचिकित्सकांनी पाय कापण्याचा निर्णय घेतला होता. वृद्धेने त्याला ठाम नकार दिला. मृत्यू आला तरी चालेल, पण दोन्ही पाय घेऊनच जाईन, अशा निर्धाराच्या बायका आपल्याकडेही घरोघरी सापडतात आणि डॉक्टर मंडळी त्यांच्यापुढे हात टेकतात. पोर्टलंडच्या शल्यविभागानेही हात टेकले आणि तिला डॉटर यांच्याकडे पाठविले. गमावण्यासारखे कुणाकडेच काही उरले नव्हते.

क्ष-किरण चित्रात मांडीतील मुख्य धमनी एका छोट्या टप्प्यात आवळल्यासारखी दिसत होती. त्या टप्प्याच्या वर आणि खाली वाट बरी होती. नव्या प्रयोगासाठी याहून योग्य रुग्ण मिळणे कठीण. १६ जानेवारी १९६४ रोजी डॉटर यांनी तिच्या धमनीत तार घातली. ती तार त्या अरुंद जागेतून पलीकडे नेली. मग तारेवरून टेफ्लॉनची एक निमुळती नळी आणि तिच्यावरून दुसरी अधिक जाड नळी सरकविली. दाबली गेलेली चरबी बाजूला झाली, वाट रुंदावली. नळ्या बाहेर काढल्या. भूल देऊन बेशुद्ध करणे नाही, टाके नाहीत. काही मिनिटांतच गार पडलेला पाय उबदार झाला आणि त्यावर लाली चढली. आठवड्याभरात वेदना थांबल्या. मृत झालेली तीन बोटे पुढे आपोआप गळून पडली. पण जखम भरून आली आणि पाय वाचला. तीन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी काढलेल्या चित्रांत धमनी उघडीच होती. ती वृद्धा त्यानंतर सुमारे अडीच-तीन वर्षे जगली आणि अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालत राहिली.

ज्या वृद्धेने पाय देण्यास नकार दिला, तिचा या इतिहासातील वाटा डॉटर यांच्याहून फार कमी मानता येणार नाही. ती मुकाट्याने शस्त्रक्रियेला तयार झाली असती, तर तिची नोंद एका विच्छेदनाची झाली असती आणि हा प्रयोग कदाचित आणखी काही वर्षे लांबला असता.

आपले विद्यार्थी व सहकारी मेल्व्हिन जडकिन्स यांच्यासमवेत डॉटर यांनी नोव्हेंबर १९६४ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. नऊ रुग्णांच्या अकरा पायांवर केलेल्या उपचाराची ती हकिकत होती. (याच जडकिन्स यांच्या नावाच्या वळणदार नळ्या आजही हृदयाच्या अँजिओग्राफीसाठी जगभर वापरल्या जातात.) त्या लेखाने क्रांती व्हायला हवी होती. प्रत्यक्षात अमेरिकेत त्याचे स्वागत थंडपणे आणि बऱ्याच अंशी कुचेष्टेने झाले.

कारण उघड होते. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया ही त्या वेळी नव्यानेच बहरलेली, प्रतिष्ठेची विद्या होती. बायपास करणाऱ्या हातांना ज्याने आयुष्यात चाकू धरला नाही असा सावल्या वाचणारा माणूस आव्हान देऊ पाहत होता, तेही सार्वजनिक व्यासपीठांवरून आणि मोठ्याने. रुग्ण क्ष-किरण विभागाकडे पाठवायचे ते शल्यचिकित्सकांनीच, त्यामुळे रुग्ण न पाठविणे हेही त्यांच्याच हाती होते. एका शल्यचिकित्सकाने तर तपासणीच्या मागणीपत्रावर, चित्र काढावे परंतु दुरुस्तीचा प्रयत्न करू नये, अशी सूचना ठळक अक्षरांत लिहून पाठविली. तो कागद पुढे इतका प्रसिद्ध झाला, की या शाखेच्या इतिहासावरील व्याख्यानांत तो हमखास दाखविला जातो.

डॉटर यांचा स्वभावही आगीत तेल ओतणारा होता. 'लाइफ' या सचित्र नियतकालिकाने १९६४ मध्ये त्यांच्यावर छायाचित्रांसह लेख छापला. उपचाराच्या ऐन क्षणी डोळे विस्फारलेले, चेहरा ताणलेला असे त्यांचे रूप त्या छायाचित्रांत उमटले होते. तेव्हापासून त्यांना वेडा चार्ली हे नाव चिकटले. त्यांनीही ते फारसे मनावर घेतले नाही. नळजोडणी करणारा कारागीर पाइपात जे करतो, ते डॉक्टराने रक्तवाहिनीत का करू नये, असा त्यांचा सवाल असे आणि म्हणूनच एकमेकांवर आडवे ठेवलेले पाइप व पाना हे त्यांनी आपले बोधचिन्ह केले होते. प्लंबरशी तुलना झाली तर अपमान वाटणाऱ्या डॉक्टरांच्या मेळाव्यात हा माणूस ते चिन्ह मिरवीत असे.

त्यांच्या कारागिरीच्या कथा अनेक आहेत. धमनीत घालण्याजोग्या तारा आणि नळ्या बाजारात मिळत नव्हत्या, तेव्हा गिटारच्या तारांपासून ते मोटारीच्या स्पीडोमीटरच्या केबलवरील आवरणापर्यंत हाती येईल त्या वस्तूवर त्यांनी प्रयोग केले. १९६३ मध्ये शिकागो येथील क्ष-किरणतज्ज्ञांच्या वार्षिक मेळाव्यात बिल कुक नावाचा एक तरुण उद्योजक ब्लो टॉर्चच्या आचेवर नळ्यांना आकार देण्याचे प्रात्यक्षिक दाखवीत होता. कुक यांनी आपल्या घरातील एका रिकाम्या खोलीत त्याच वर्षी धंदा सुरू केला होता. डॉटर यांनी त्यांच्याकडून ते उपकरण एका रात्रीपुरते मागून नेले आणि दुसऱ्या दिवशी टेफ्लॉनच्या दहा नळ्या करून आणल्या. कुक यांनी त्या विकल्याही. पुढे कुक यांची कंपनी या साधनांच्या क्षेत्रातील जगातील मोठ्या उद्योगांपैकी एक झाली. दुसरी कथा अधिक विलक्षण आहे. एका व्याख्यानात डॉटर यांनी मध्येच कोट काढला, बाही वर सारली आणि आपल्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत घातलेली नळी श्रोत्यांना दाखविली. ती यंत्राला जोडून त्यांनी स्वतःच्याच हृदयातील विद्युत-लहरी पडद्यावर उमटविल्या. ही नळी किती निर्धोक आहे हे पटवून देण्याची ही त्यांची पद्धत. ती पटली किती जणांना आणि घाबरले किती जण, हा प्रश्न वेगळा.

विरोध केवळ मत्सरातून होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पद्धतीत खरोखरच उणिवा होत्या. जाड नळी आत घालायची म्हणून धमनीला पडणारे छिद्रही मोठे असे, रक्तस्रावाची भीती राही. नळी पुढे ढकलताना आतील चरबीचा गाळ बाजूला दाबला जाण्याऐवजी कधी कधी तिच्यापुढे सरकत जाई, त्याचा तुकडा सुटून खालच्या लहान धमनीत अडके आणि बरा करायला घेतलेला पाय अधिक बिघडे. शिवाय मोकळी केलेली वाट कायमची मोकळी राहत नसे. काही महिने चालणे सुधारे आणि मग माणूस पुन्हा जुन्याच ठिकाणी थांबे. जो उपाय टिकत नाही त्याला उपाय म्हणावे काय, हा शल्यचिकित्सकांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता.

अमेरिकेने पाठ फिरविली तरी युरोपने ही विद्या उचलली. जर्मनीत एबरहार्ड त्साइटलर यांनी शेकडो रुग्णांवर ती वापरली. तेथे या उपचाराला डॉटर यांचेच नाव क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले, हा मान फार थोड्या वैद्यांच्या वाट्याला येतो. त्साइटलर यांचे व्याख्यान ऐकून आंद्रेआस ग्रुंटझिग या तरुण जर्मन डॉक्टराला या विषयाने झपाटले. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे तो पायांच्या रक्ताभिसरणाचे रुग्ण पाहत असे. नळीने ढकलण्याऐवजी आत गेल्यावर फुगणारा फुगा वापरावा, म्हणजे छिद्र लहान राहील आणि दाब चारही बाजूंना सारखा पडेल, अशी त्याची कल्पना होती. रबराचा फुगा कामाचा नव्हता, कारण तो अडथळा टाळून मऊ बाजूलाच फुगतो. ठरावीक आकारापलीकडे न फुगणारा फुगा हवा होता. पत्नी आणि सहकारी यांच्या मदतीने स्वयंपाकघरातील टेबलावर रात्र-रात्र बसून त्याने पीव्हीसीचा तसा फुगा तयार केला. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो प्रथम वापरला गेला तो पायाच्या धमनीत. पुढे तीन वर्षांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी ग्रुंटझिग यांनी तोच फुगा अधिक लहान करून हृदयाच्या धमनीत फुगविला आणि अँजिओप्लास्टी हा शब्द जगाच्या तोंडी झाला. आज आपल्याकडे हा शब्द उच्चारताच हृदय आठवते. पण या उपचाराचे माहेर पाय आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

फुग्याने वाट अधिक सुरक्षितपणे उघडली. पुन्हा बंद होण्याचा दोष मात्र गेला नाही. फुगा फुगविणे म्हणजे धमनीच्या अस्तराला जाणीवपूर्वक केलेली इजा. इजा झाली की शरीर ती भरून काढू लागते, आतील स्नायुपेशी वाढतात आणि नव्या खपलीसारखा थर वाटेत उभा राहतो. त्यात मांडीतील धमनी ही शरीरातील सर्वांत छळ सोसणारी धमनी म्हणावी लागेल. प्रत्येक पावलागणिक ती वाकते, पिळते, आखडते. तेथे उघडलेली वाट वर्ष-दोन वर्षांत पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे आणि लांब अडथळ्यात, मधुमेहात आणि तंबाखू न सोडणाऱ्यांत ते आणखी वाढते.

या दोषाकडे डॉटर यांनी डोळेझाक केली नव्हती. उघडलेली धमनी आतून टेकू देऊन उघडीच ठेवावी, या कल्पनेने त्यांनी कुत्र्यांच्या पायांच्या धमन्यांत तारेची स्प्रिंगसारखी वेटोळी बसविली आणि १९६९ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. आज ज्याला स्टेंट म्हणतात त्याचे हे पूर्वरूप. ते माणसांपर्यंत पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे लागली. गुठळी झाली असेल तर ती विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध सबंध शरीरात न देता नळीतून थेट गुठळीपाशी अल्प प्रमाणात सोडावे, हेही त्यांनी सुचविले. तो लेख १९७४ चा. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार थंड असताना दिलेला आकार राखते आणि उष्णता मिळताच पूर्वीचे वेटोळे धारण करते, या गुणाचा वापर करून त्यांनी १९८३ मध्ये पुन्हा टेकूच्या कल्पनेला हात घातला. त्या वेळी त्यांचे वय ६३ होते. पायाच्या धमनीत आज बसविले जाणारे बहुतेक स्टेंट याच मिश्रधातूचे असतात.

या माणसाचे खासगी आयुष्यही तशाच वेगाचे होते. वेगवान मोटारी, पक्षिनिरीक्षण, छायाचित्रण, चित्रकला, अभिजात संगीत, अशी छंदांची यादी मोठी; पण खरे प्रेम डोंगरांवर. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील चौदा हजार फुटांपेक्षा उंच शिखरे त्यांनी पालथी घातली, आल्प्समधील मॅटरहॉर्नही सर केले. लसिकाग्रंथींच्या हॉजकिन्स या कर्करोगाने गाठले, किरणोपचार घ्यावे लागले, तरी चढाई थांबली नाही. हृदयाचा विकारही पुढे मागे लागला. दुसऱ्यांच्या रक्तवाहिन्या चाकूविना मोकळ्या करण्याचा ध्यास घेतलेल्या या डॉक्टराला स्वतः मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावे लागले.

१९७८ मध्ये वैद्यकातील नोबेल पुरस्कारासाठी त्यांच्या नावाची शिफारस झाली. पुरस्कार मिळाला नाही. अमेरिकेत त्यांची पद्धत रुळली ती ग्रुंटझिग यांच्या फुग्याच्या रूपाने, युरोपात एक वळसा घालून परत आल्यावर. त्या वृद्धेचा पाय वाचल्यानंतरची बारा-पंधरा वर्षे अमेरिकेतील रुग्णांच्या दृष्टीने वायाच गेली, असे म्हटले तर ते फार कठोर होणार नाही. जो उपाय आपल्याच देशात जन्मला तो परदेशी शिक्का बसल्याशिवाय न स्वीकारण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे.

डॉ. डॉटर यांचे १५ फेब्रुवारी १९८५ रोजी निधन झाले. जडकिन्स त्यांच्या आधी काही दिवस, जानेवारीत गेले होते. हृदयाच्या धमन्यांचे चित्रण प्रथम करणारे मेसन सोन्स ऑगस्टमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःचे विमान चालवीत असताना झालेल्या अपघातात ग्रुंटझिग मृत्युमुखी पडले. नळीने रक्तवाहिन्यांत शिरण्याची विद्या ज्यांनी घडविली, ते चौघे एकाच वर्षात नाहीसे झाले. पोर्टलंडमध्ये १९९० मध्ये डॉटर यांच्या नावाची संस्था उभी राहिली. प्रागहून त्यांच्याच बोलावण्यावरून आलेले योसेफ रोश तिचे पहिले संचालक झाले.

डॉटर यांच्या पश्चात वाद संपला नाही, फक्त त्याची भाषा बदलली. पुन्हा बंद होणारी धमनी रोखण्यासाठी पेशींची वाढ थोपविणाऱ्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप दिलेले फुगे आणि स्टेंट आले. त्यांनी दुसऱ्यांदा उपचाराची गरज कमी होते असे दिसले. मग डिसेंबर २०१८ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून या औषधाने दीर्घकाळात मृत्यूचे प्रमाण वाढते की काय अशी शंका निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला आणि अधिक माहिती तपासल्यावर जुलै २०२३ मध्ये तशी जोखीम दिसत नसल्याचे जाहीर केले. बायपास आधी की फुगा आधी, या जुन्या प्रश्नावरही दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष लागोपाठ आले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत. २०२२ मधील अमेरिकाप्रणीत चाचणीत, पायातील स्वतःची शीर चांगली असलेल्या रुग्णांना बायपास अधिक लाभदायक ठरला. २०२३ मधील ब्रिटनप्रणीत चाचणीत गुडघ्याखालच्या धमन्यांचा रोग असलेल्यांना नळीचा मार्ग आधी घेणे हितकारक दिसले. शीर कशी आहे, रोग गुडघ्याच्या वर आहे की खाली, रुग्णाचे हृदय भूल सोसेल की नाही, हे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

पुनःपुन्हा करता येणे हा या उपचाराचा दोष मानायचा की गुण, यावर बरेच अवलंबून आहे. बायपास एकदा बंद पडला की दुसऱ्यांदा करायला निरोगी शीर आणि व्रणविरहित जागा शोधावी लागते. नळीचा मार्ग दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही बहुधा उपलब्ध राहतो, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. ज्याच्या पायाला जखम आहे, त्याला धमनी कायमची उघडी राहण्याची गरजही नसते. जखम भरून येईपर्यंत रक्त मिळाले तरी पाय वाचतो आणि भरल्यानंतर तो कमी रक्तावरही तग धरू शकतो. पोर्टलंडच्या वृद्धेबाबत हेच महत्त्वाचे ठरले असते. दुसरी बाजू अशी, की प्रत्येक खेपेचा खर्च वेगळा, प्रत्येक खेपेस मूत्रपिंडावर रंगद्रव्याचा भार पडतो आणि मराठवाड्यातील रुग्णाला त्यासाठी कित्येकदा हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. नुसती पोटरी दुखत असेल आणि जखम नसेल, तर तंबाखू सोडून, दुखू लागेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा रोजचा नेम काही महिने पाळल्यास अनेकांचे चालणे दुप्पट होते. हा उपचार फुकट आहे आणि बहुधा म्हणूनच दुर्लक्षित आहे.

ऐन तरुणपणी बिडी ओढणाऱ्यांचे पाय ज्या रोगाने जातात, तो बर्जरचा रोग मात्र डॉटर यांच्या नळीलाही पुरता वश झालेला नाही. न्यूयॉर्कचे लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तो चरबीचा रोग नव्हे. पायाच्या टोकाकडील बारीक धमन्याच सुजून गुठळ्यांनी बुजतात. तेथे फुगा पोहोचला तरी पलीकडे रक्त जायला वाट उरलेली नसते. अलीकडे अतिशय बारीक तारा आणि फुगे वापरून तेथेही प्रयत्न होतात, काही पाय वाचतातही. परंतु त्या रुग्णाने एक बिडी जरी चालू ठेवली, तरी उघडलेली धमनी पुन्हा मिटते.

पाय काढल्यावर तो माणूस चालणार कसा, या प्रश्नावर डॉटर यांच्याच काळात जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा काम करीत होते. त्यांचा रबरी जयपूर फूट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाला. त्या पायावर माणूस चिखलात चालू शकतो, मांडी घालून बसू शकतो. पोर्टलंडच्या क्ष-किरण विभागात मात्र त्याच वर्षांत गिटारच्या तारा, टेफ्लॉनच्या नळ्या आणि एक उतावळा डॉक्टर यांची खटपट चालली होती, ती मूळचा पाय जागेवर ठेवण्यासाठी.